बीडची शेगडी

गंज कसा काढावा हे सांगणारे सध्या इतके झालेत की गंजाला राहायला जागा उरली नसावी. मोबाईलवर नुसतं विचारून बघा. कुणी लिंबू चोळायला सांगतो, कुणी चिंच, कुणी बाटलीतलं काळं गोड पाणी ओतून दिवसभर ठेवा म्हणतो, आणि एक बाई, नखं रंगवलेली, हातात कोरा ब्रश धरून सांगते की आधी वस्तूशी नातं जोडा. मी हे सगळं शेवटपर्यंत बघितलं. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून, पोरांच्या वेलांट्या सरळ करून निवृत्त झालेल्या माणसाला दुपारी दुसरं काय काम असतं? पण शेगडी मी हौसेनं हातात घेतली नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. हौस आमच्या धाकट्या भावाला आहे.

शेगडी आमच्या मायची. माय ब्याऐंशी वर्षांची, पेडगावच्या घरात एकटी राहते. मी परभणीत, भाऊ परभणीत, वडील जाऊन बरीच वर्षं झाली. डी.एड. होऊन आल्यावर मी तिला 'आई' म्हणायला लागलो होतो, कारण 'माय' मला गावठी वाटायचं. तिनं एकदाही ओ दिली नाही. आठ दिवसांनी मला चहा पाहिजे होता तेव्हा मी मुकाट्यानं परत 'माय' म्हणालो. सांगायचा मुद्दा, बाई हट्टी आहे.

आणि शेगडी बिडाची. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ज्याचे तवे असतात. उचलायला जड आणि आपटले की फुटणारे. गोल पोट, तीन पाय, मधे जाळी, खाली राख ओढायची खिडकी आणि तिला बिजागरीचं छोटं दार. गॅस येण्याआधी आमच्या घरात चूल होती आणि ही होती. चुलीवर रोजचा स्वयंपाक, शेगडीवर दूध, चहा आणि पाहुण्यांसाठी जे काही करायचं ते. माय तिला जन्मभर 'बीडची शेगडी' म्हणत आली. बीडची शेगडी पेटव, बीडच्या शेगडीवरचं दूध बघ. मी नववीत गेल्यापासून तिला सुधारत आलो. बीडची नाही माय, बिडाची. बीड धातू असेल तर बिडाची, बीड गाव असेल तर बीडची. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्याच वाक्यात परत बीडची म्हणायची.

मास्तर झाल्यावर मी त्याचं उदाहरणच करून टाकलं. आठवीला सामान्यरूप शिकवताना दोन्ही शब्द फळ्यावर लिहायचो आणि सांगायचो, आमच्या घरी एक माणूस आहे, त्याला वाटतं शेगडी जिल्ह्याच्या गावाहून बसमध्ये बसून येते. वर्ग हसायचा. तो माणूस म्हणजे आमची आई, हेही मी सांगायचो, कारण त्यावर आणखी हसू यायचं. दर वर्षी नवा वर्ग आणि तोच विनोद. मला तो फार चांगला वाटायचा.

मागच्या वर्षापासून माय काहीतरी नवीनच बोलायला लागली. आधी दोनदा दूध उतू गेलं, एकदा कुकर करपला. तेवढं कुणाचंही होतं. पण एका रविवारी मी भेटायला गेलो तर गहू निवडता निवडता म्हणाली, "मी पोरींला शिकवायचे तवा अशीच थंडी पडली व्हती."

"कुठं शिकवायचीस?" मी विचारलं.

"बीडला. दोन साल व्हते की म्या तिथं."

मायचं माहेर वालूर. वालूरहून लग्न होऊन ती पेडगावला आली, आम्ही झालो, संपलं; हा इतिहास आम्हाला पाठ होता. त्यात बीड कुठंच नव्हतं. ती सही करते, सकाळी कपाळाला भस्म लावून पोथी वाचते, पेपर बोट ठेवून वाचते, आणि एवढंच तिचं शिक्षण असं आम्ही धरून चाललो होतो. कुणी सांगितलं होतं असं नाही. धरून चाललो होतो. त्यामुळे मी बसल्या जागी निदान केलं. मास्तरकी माझी, ती तिनं स्वतःच्या नावावर लावून घेतली होती. शेगडीच्या निमित्तानं बीड तोंडात बसलेलं होतंच, ते ह्या मास्तरकीला जोडलं. परभणीत डॉक्टरांना सांगितलं, त्यांनीही मान हलवली, म्हातारपणी ऐकलेलं आणि घडलेलं एकमेकांत मिसळतं म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. मला बरं वाटलं. माझं निदान बरोबर निघालं की मला नेहमीच बरं वाटतं.

आता भाऊ. आमचे बंधू जिंतूर रोडला नवीन घर बांधून राहतात आणि त्या घरात त्यांनी 'गावाकडचा कोपरा' केलेला आहे. बैलगाडीचं एक चाक, त्याला वार्निश. एक कंदील, त्यात बल्ब. एक जातं, त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याचे मोबाईल चार्जिंगला ठेवतात. खऱ्या गावाकडे ते वर्षातून दोनदा जातात, तेही गाडीच्या काचा वर करून. मायचं बीड प्रकरण त्यानं ऐकलं आणि दोन निर्णय एकदम घेतले. एक, तिला आता एकटं ठेवायचं नाही. पेडगावच्या घराला कुलूप लावायचं आणि तिनं माझ्याकडे राहायचं. माझ्याकडे, कारण त्याच्या घरात कोपरा सोडून कुठं जागा नव्हती. दोन, बिनकामाची पडलेली ती शेगडी त्याला द्यायची. तिला चांदीचा रंग मारून तो वर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी ठेवणार होता.

कुंडीवर मी यथेच्छ हसलो. कुलुपावर मात्र आमचं एकमत झालं. डोकं ठिकाणावर नसलेल्या म्हातारीला गॅसपाशी एकटं ठेवायचं नसतं, ह्यात वाद घालण्यासारखं मला काही दिसलं नाही.

आम्ही दोघं तिला सांगायला गेलो. भावानं सुरुवात केली, मधेच अडखळला, मग मी पूर्ण केलं, मुद्देसूद. माय भिंतीला टेकून बसली होती. पेडगावचं घर म्हणजे फार काही नाही, पुढे ओटा, दोन खोल्या, मागे न्हाणी आणि कडुलिंबाखाली थोडी जागा. पण ती जागा तिची होती. शेजारपाजारच्या बाया दुपारी तिच्या ओट्यावर येऊन बसतात आणि संध्याकाळी कुणाच्या घरी काय शिजायलंय ते तिला वासावरून कळतं. माझ्या घरी कॉलनीत शेजारच्यांचं आडनाव मला पाटी वाचून माहीत आहे. हे सगळं तेव्हा मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण मी मोठा मुलगा होतो आणि मोठ्या मुलानं असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात अशी माझी समजूत होती.

"म्हंजी माह्या डोक्यात फरक पडलाय," माय म्हणाली.

"तसं नाही माय," मी म्हणालो. तसंच होतं.

तिनं मागच्या न्हाणीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "माही बीडची शेगडी नीट करून द्या. पेटली पायजे. तिच्यावर भाकर भाजली की येते म्या. शब्द दिला."

"तिकडं गॅस हाय की, माय," भाऊ म्हणाला.

"मला ठाव हाय गॅस हाय. रंग लावायचा न्हाई तिला. आन् मोठ्यानंच करायचं काम, धाकट्यानं न्हाई."

बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाला, बघ, आता शेगडीचं काय घेऊन बसली. मीही मान हलवली. शेगडी न्हाणीजवळ होती, पाण्याच्या ड्रमाखाली, ड्रमाला आधार म्हणून. किती वर्षं तिथं पाणी ठिबकत होतं कोण जाणे. ड्रम बाजूला केला तर खालून लालसर तपकिरी काहीतरी निघालं, जे कुत्र्यानंही हुंगलं नसतं. ऑटोत घालून मी ती परभणीला आणली. ऑटोवाल्यानं भंगाराच्या दुकानापाशी आपणहून गाडी हळू केली.

आता ते मोबाईलवरचे तज्ज्ञ. चिंचेनं माझे हात स्वच्छ झाले. काळ्या गोड पाण्यानं मुंग्या आल्या, आमच्या अंगणात एवढ्या मुंग्या मी आयुष्यात बघितल्या नव्हत्या. वस्तूशी नातं जोडणाऱ्या बाईंचा ब्रश रंग द्यायचा होता हे नंतर कळलं. शेवटी तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि बाटलीभर डिझेल, एवढ्यावर काम सुरू झालं. गंज म्हणजे नुसता गंज नव्हता. त्याच्याखाली काजळीचा थर, काजळीखाली कधीतरी वडिलांनी मारलेला चुन्यासारखा रंग, त्याच्याखाली परत काजळी. रोज दोन तास मी अंगणात पाटावर बसून घासत होतो. कॉलनीतले लोक फिरायला जाताना थांबायचे. एकानं विचारलं, सर, हे विकायचं आहे का? दुसऱ्यानं सांगितलं, नवीन शेगडी ह्यापेक्षा स्वस्त मिळते. तिसरा नुसता उभा राहून बघायचा, त्याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

आणि खरं सांगायचं तर मला घाई होती. शेगडी लवकर झाली की माय लवकर येणार, घराला कुलूप लागणार, माझ्या डोक्याचा घोर जाणार. रोज घासताना मी हाच हिशेब करत होतो.

जाळी बसवलेले दोन बोल्ट जाम होते. डिझेल पाजलं, दोन दिवस ठेवलं, हलेनात. मी हातोडी घेतली. बीड ठिसूळ असतं, त्यावर घाव घालायचा नसतो, हे मी स्वतः बायकोला आदल्याच दिवशी चहा पिता पिता समजावून सांगितलं होतं. तिसऱ्या घावाला बोल्ट जागेवरच राहिला आणि शेगडीचा एक पाय मोडून माझ्या चपलेपाशी येऊन पडला.

बायको दारात उभी होती. "तुमीच सांगितलं व्हतं ना, ठिसूळ असतंय म्हणून," ती म्हणाली आणि आत गेली.

जिंतूर रोडलाच पत्र्याचं एक वेल्डिंगचं दुकान आहे. मालक पन्नाशीचा, गालात तंबाखू, पुढे अर्धवट झालेली दोन गेटं. असल्या माणसाच्या हातात बिडाची वस्तू देणं माझ्या जिवावर आलं होतं. मी त्याला आधीच बजावलं, "हे साधं लोखंड नाही. बिडाची आहे."

त्यानं मोडलेला पाय हातात घेतला, तुटल्या जागी बोट फिरवलं. "बीडची असू द्या न्हाई तर जालन्याची, आपल्याला काय करायचं? ठेवून जा."

झालं. मला वाटलं, आमच्या घरी एक होती, आता हा दुसरा. मी त्याला तिथं उभ्या उभ्या बीड म्हणजे काय, ते कसं ओततात, त्याला वेल्डिंगची साधी कांडी का चालत नाही, हे सगळं समजावून सांगितलं. सगळं मोबाईलवरून नुकतंच शिकलेलं. तो चष्मा कपाळावर चढवून ऐकत होता.

"सर, शाळेत व्हता का तुमी?" त्यानं विचारलं.

"हो. कसं ओळखलंत?"

"असंच," तो म्हणाला.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की शेगडी गेली. गाढवाच्या हाती दिली. मायला काय सांगायचं ते आता ठरवून ठेवायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यानं दुकानाच्या मागे विटांची भट्टी लावली होती. कोळशात शेगडी लाल होत आली होती. त्यानं बोटभर जागा सांधली, बारक्या हातोडीनं हळूहळू ठोकली, परत विस्तवात सरकवली, परत बोटभर. सांधून झाल्यावर सगळी शेगडी राखेत पुरून ठेवली.

"उद्या सांजच्याला काढू," तो म्हणाला. "गार वारं लागलं की तडकतंय बीड. लय नाजूक काम असतंय."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, बीड काय असतं ते," मी म्हणालो.

"तीस वर्सं झाली करायलोय."

"मग जालन्याचं काय म्हणालात?"

"गंमत केली व्हती, सर."

गंमत मला कळली नव्हती. मास्तर माणसाला चूक फार लवकर दिसते, आणि नसली तरी दिसते.

सांधलेला पाय बघायला गेलो तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी चष्मा घरी विसरलो होतो. पाय पक्का झाला होता. त्यानं आपणहून बोल्टही काढले होते आणि राखेच्या खिडकीचं दार बिजागरीतून सोडवून वेगळं ठेवलं होतं. ते दार मी बाहेरून घासलं होतं, आतून नाही. आतली बाजू कोण बघतो?

"सर, हिच्या आतून एक पितळी पट्टी हाय," तो म्हणाला. "दोन रिबिटांनी ठोकलेली. म्या काजळी काढली. काहीतरी लिव्हलंय. काढू का असू द्यू?"

"काय लिहिलंय?"

भांड्यावर दुकानदार नाव घालून देतात, टिंबाटिंबांचं, तसं लिहिलेलं होतं. त्यानं पट्टी उजेडाला धरली आणि एकेक शब्द बोटानं पुढे सरकवत वाचायला लागला. पहिलं नाव त्यानं वाचलं आणि मला काही समजेना. आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. सासरी कुणी जुनं नाव घेत नाही. ते नाव मी फक्त वालूरच्या मामांच्या तोंडून ऐकलं होतं, ते तिला त्या नावानं हाक मारायचे. पुढे वालूरचं आडनाव. त्याच्यापुढे 'बाईंस'.

"इयत्ता तिसरीच्या मुलींकडून," त्यानं वाचलं. "सप्रेम भेट. आन् खाली कोपऱ्यात, बीड." त्यानं मान वर केली. "बगा सर, बीडचीच निगाली की."

मी स्टुलावर बसलो. त्यानं पाणी दिलं. कोण बाई ह्या, असं त्यानं विचारलं आणि मी सांगितलं, माझी आई. कुठल्या शाळेत व्हत्या, त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. किती वर्सं शिकवलं? दोन, मी म्हणालो, म्हणजे ती दोन म्हणत होती. ते दोनच असणार, त्यात मला आता काही शंका नव्हती.

मला लाज वाटली. बाई शाळामास्तरीण होती. सोळा-सतरा वर्षांची असेल. लग्न ठरलं म्हणून निघाली असेल, आणि तिसरीतल्या पोरींनी घरून मागून आणून, जमवून जमवून तिला संसाराला एवढी जड शेगडी दिली. ती तिनं वालूरला नेली, पेडगावला आणली, साठ वर्षं तिचं नाव नीट घेतलं. आणि तिचा मुलगा सामान्यरूप शिकवत होता.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "बाई काय, कुणालाही म्हणतात. तिथं शाळेत पाणी भरायला असेल." मी म्हणालो, ठेव फोन. मग म्हणाला, पट्टी असली तर उलट चांगलं दिसेल कोपऱ्यात. मी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी शेगडी घेऊन पेडगावला गेलो. तेलाचा हात फिरवून मी तिला काळी कुळकुळीत केली होती, रंग लावला नव्हता. माय ओट्यावर होती. तिनं शेगडीच्या पायाकडे, जाळीकडे बघितलंच नाही. खाली बसली, खिडकीचं दार उघडलं आणि आत बोटं घालून पट्टीवरून फिरवली.

"वाचलीस?" तिनं विचारलं.

"वाचली."

"तूच वाचलीस का?"

"वेल्डिंगवाल्यानं वाचून दाखवली."

तिला हसू आलं. मग तिनं शेगडी उचलून आत नेता येते का बघितलं, आली नाही, तेव्हा मी नेली. तिनं कोळसे रचले, खाली काडीकचरा लावला, फुंकर घातली. मी दाराशी उभा होतो. काय बोलावं ते मी येताना बसमध्ये ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"तवाच का नाही सांगितलंस, माय?" मी म्हणालो.

"सांगितलं की. तुमी दोघं लहान व्हतात तवा सांगितलं. तुह्या बापाला आवडायचं न्हाई, मंग गप बसले. मोठं झाल्यावर तू हसायला लागलास." तिनं पीठ परातीत घेतलं. "शेगडी बिडाची हाय हे काय मला कळत न्हाई? बाईमाणसाला भांडं कशाचं हाय ते कळत न्हाई का? ती बिडाची बी हाय आन् बीडची बी हाय. दोनी बरोबर हाय. तू आपलं एकच धरून बसलास."

मी मान खाली घातली.

"वर्गात बी हसवायचास म्हनं पोरायला. आपल्या गल्लीतलं एक पोरगं परभणीला व्हतं तुह्या वर्गात. त्यानं त्याच्या मायला सांगितलं, तिनं मला."

हे कधीचं, मी विचारलं नाही. त्या गल्लीतली पोरं माझ्या वर्गात वीस वर्षांपूर्वी होती, पंचवीस वर्षांपूर्वीही होती. तेवढी वर्षं मी दर महिन्याला येऊन तिच्या हातचं जेवून जात होतो आणि ती वाढत होती.

पहिली भाकरी तिनं तव्यावर टाकली, उलटली, मग खाली निखाऱ्याशी उभी करून शेकली. ती फुगली. तिनं ती टोपल्यात ठेवली आणि हात पुसत उठली. आतल्या खोलीतून पिशवी घेऊन आली. दोन लुगडी, पोथी, पूजेची डबी. पिशवी आधीच भरलेली होती.

"चल," ती म्हणाली. "शब्द दिला व्हता."

"माय, तू येऊ नको. इथंच राहा."

"कामून? नीट झालं का माहं डोकं?"

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तिनं दिली नाही.

"अन् पट्टी नसती घावली तर?" तिनं विचारलं. "काजळीत जळून गेली असती, कुणी उपटून नेली असती, तर काय केलं असतंस?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण तिच्यापुढे खोटं बोलून मी लहानपणीही कधी वाचलो नव्हतो. "नेलं असतं," मी म्हणालो.

"हां," ती म्हणाली. पिशवी तिनं परत खुंटीला अडकवली. "म्या इथंच ऱ्हाते. तू म्हनतोस म्हणून न्हाई. मला ऱ्हायचंय म्हणून ऱ्हाते. शब्द म्या दिला व्हता, म्याच मोडला. धाकट्याला सांग."

ती परत शेगडीपुढे बसली आणि दुसरी भाकरी थापायला लागली. मी उंबऱ्याशी टेकलो. विचारायचं खूप होतं. कुठली शाळा, राहायची कुठं, तिसरीच्या पोरी किती होत्या, वालूरहून एवढ्या लांब तिला पाठवलं कुणी, सोडताना रडू आलं का. कविता कुठल्या शिकवायची, फळ्यावर अक्षर कसं होतं. मी म्हणालो, "सांग ना माय, बीडचं सांग. मला पहिल्यापासून सगळं ऐकायचंय."

तिनं वर बघितलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली.

"उशिरा आलेल्या पोरीला म्या वर्गात घेत न्हवते," ती म्हणाली.

मग उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. परभणीची बस आली आणि गेली. मायनं भाकरी तेवढी बाहेर आणून दिली.